जाहिरात नावाची हुंडी

१९९४ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. एके दिवशी मुख्य कचेरीतून एक भलंमोठं रंगीत पोस्टर आलं. गुलाबी साडीतली एक तरुणी काउंटरमागे बसून अशी प्रसन्न हसत होती, की ज्याचं खातं नाही त्यालाही ते उघडावंसं वाटावं. खाली सेवा, तत्परता आणि स्मित यांविषयी एक झोकदार वाक्य. सोबत परिपत्रक : पोस्टर दर्शनी भागात लावावे व लावल्याचा अहवाल आठ दिवसांत पाठवावा. आम्ही ते बचत खात्याच्या काउंटरवर लावलं आणि अहवाल पाठवून मोकळे झालो.

सोमवारी गावचा बाजार. त्यातच शिक्षकांच्या पगाराची तारीख आली, की शाखेत पाय ठेवायला जागा नसे. पितळी टोकन मुठीत धरून माणसं तास तास बाकावर बसत. पोस्टर लागून आठवडा झाला असेल. गावातले एक शिक्षक, ज्यांना लहानथोर सगळेच गुरुजी म्हणत, माझ्या टेबलाशी आले. पोस्टरकडे बोट दाखवून अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, या बाई कोणत्या वारी असतात? मी त्या दिवशी येत जाईन."

मी हसलो आणि मग ओशाळलो. त्या तरुणीच्या बरोबर खाली बसलेला आमचा कारकून त्याच क्षणी मान वर न करता कोणाला तरी "स्वतःचं पेन आणत जा" म्हणून सुनावत होता. माणूस वाईट नव्हता. चौघांचं काम दोघांवर पडलं होतं. पण गंमत अशी, की पोस्टर लागण्यापूर्वीही गुरुजी तासभर बसतच होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. बँकेत वेळ जायचाच, हे त्यांनी धरून चाललं होतं. पोस्टरनं त्यांना सांगितलं, की इथं हसतमुखानं झटपट काम होतं. त्या दिवसापासून तोच तास त्यांना अपमानासारखा वाटू लागला. आमची सेवा होती तिथंच राहिली होती. वाढलं होतं ते आमच्याकडून असलेलं येणं.

जाहिरात कशामुळे यशस्वी होते आणि कशामुळे फसते, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला मात्र या विषयाचा पहिला धडा गुरुजींनी दिला. पुढं कर्जखात्यात बसून बऱ्याच उद्योजकांचे हिशेब पाहिले आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. जाहिरात ही हुंडी असते. पूर्वी पुण्याचा सावकार सुरतेच्या पेढीवर हुंडी लिहून देई. कागदाला स्वतःची अशी किंमत काहीच नसे. समोरच्या पेढीनं ती सकारली, तर लिहिणाऱ्याची पत वाढे. न सकारता परत आली, तर त्याचं नाव बाजारातून उठे. जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य हा असाच एक कागद आहे. तो वटतो दुकानात, स्वयंपाकघरात, मोरीत किंवा रस्त्यावर. ब्रँड या शब्दाला मराठीत प्रतिशब्द हवा असेल, तर मी 'पत' असाच सुचवीन.

आता आपल्या सगळ्यांच्या घरात घडून गेलेली गोष्ट घेऊ. अहमदाबादचे करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला होते. १९६९ मध्ये त्यांनी घरीच धुण्याची पावडर बनवली, मुलीच्या नावावरून तिला 'निरमा' नाव दिलं आणि सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. किंमत किलोला तीन रुपये. नामांकित 'सर्फ' तेव्हा तेरा रुपयांच्या आसपास होता. पुढं आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून निरमाचं ते गाणं घराघरांत पोचलं. पांढऱ्या झग्यातली ती गिरकी घेणारी मुलगी तर आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचाच भाग आहे. पण गाण्यामुळे निरमा खपली, हे अर्धंच सत्य. ज्या घरात तोवर वडीनंच कपडे धुतले जात, तिथल्या बाईलाही परवडेल अशी पावडर आधी तयार झाली होती. गाण्यानं तिला एवढंच सांगितलं, की ही तुझ्यासाठी आहे.

मग सर्फनं उत्तर दिलं. 'लिंटास'चे अॅलेक पदमसी यांनी ललिताजी नावाची गृहिणी उभी केली. कविता चौधरी यांनी ती साकारली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैचा हिशेब ठेवणारी आणि तरीही महाग पावडर घेणारी बाई. हे पात्र आपल्या आईवरून सुचल्याचं पदमसींनी सांगितलं होतं. काटकसरी बाईला 'तू स्वस्ताच्या मागं लागतेस' असं म्हणणं हा तिचा अपमान झाला असता. ललिताजीनं तसं केलं नाही. स्वस्त वस्तू घेणं वेगळं आणि चांगली वस्तू घेणं वेगळं, एवढंच ती ठसक्यात सांगून गेली. शिवाय तिच्याकडे हिशेब होता : अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीचं काम करतो.

आमच्या घरी आईनं या दोघींचंही ऐकलं. चादरी आणि पायपुसणी पिवळ्या पावडरीत, वडिलांचे ऑफिसचे शर्ट निळ्या पावडरीत. दोन्ही जाहिराती यशस्वी झाल्या, कारण दोन्ही हुंड्या आमच्या मोरीत वटल्या. आणि ललिताजी कितीही गाजली, तरी तेवढ्यानं भागलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच हिंदुस्थान लिव्हरला 'व्हील' ही स्वस्त पावडर बाजारात आणावीच लागली. ज्या बाईच्या कनवटीला तेवढे पैसेच नाहीत, तिची समजूत कुठलीच ललिताजी घालू शकत नव्हती.

पैशाइतकीच, किंबहुना पैशापेक्षा चिवट गोष्ट म्हणजे सवय. १९९४ मध्ये 'केलॉग्ज' मोठ्या गाजावाजानं भारतात आली. कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीतपणा हा तिच्या जाहिरातींचा मुख्य मुद्दा होता. आता कुरकुरीत राहायचं, तर दूध थंड हवं. आपल्याकडे सकाळी दूध तापवतात, त्यावर साय येते आणि ते गरम गरमच मुलांना देतात. त्या गरम दुधात पडल्याबरोबर कॉर्नफ्लेक्सचा लगदा होई. ज्या गुणाची जाहिरात, तोच गुण आपल्या ताटलीत पोचता पोचता मरून जाई. त्यातून पोहे, उपमा, इडली, पराठा अशा चमचमीत, गरमागरम न्याहारीला सरावलेली जीभ. आमच्या शेजारच्या वहिनींनी एक खोका आणला आणि उरलेल्याचा चिवडा केला. आळीत तो चिवडा चांगलाच वाखाणला गेला, पण कंपनीनं काही त्यासाठी सातासमुद्रापलीकडून येण्याचा खटाटोप केला नव्हता. पुढं ती शहाणी झाली, लहान पाकिटं आणि देशी चवी घेऊन आली आणि टिकली. पण त्याआधी तिला आपल्याकडच्या दुधाचं तपमान शिकून घ्यावं लागलं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे दिवाळीच्या पहाटे दारोदार टकटक करून सगळ्यांना अभ्यंगस्नानासाठी उठवणारे ते मोती साबणाचे आजोबा. त्या जाहिरातीनं नवी सवय लावण्याचा प्रयत्नच केला नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उठणं, तेल-उटणं, कुडकुडत न्हाणीघराकडं जाणं, हे सारं आपल्याकडे होतंच. साबणानं त्या पाटाशेजारी आपली जागा फक्त पक्की केली. आज कित्येक घरांत वर्षभर दुसरा साबण वापरतात आणि दिवाळीला मात्र मोती आणतात. मराठी माणसाच्या आठवणीत शिरायचं, तर चप्पल कुठं काढायची हे आधी ठाऊक पाहिजे.

वस्तू नेमकं कोण निवडतो, हेही कळावं लागतं. 'फेविकॉल'ची हत्तींची, खच्चून भरलेल्या बसची जाहिरात आठवून आपण हसतो. पीयूष पांडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गंमत वर्षानुवर्षं जिवंत ठेवली. २०२५ मध्ये पांडे गेले, तेव्हा जाहिरातीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनीही हळहळ व्यक्त केली. पण या हसण्याच्या खूप आधी, १९५९ पासून, फेविकॉल सुताराकडे गेला होता. सुतार तेव्हा सरस उकळून वापरत. उग्र वास, धग आणि सगळा राडा. त्या जागी पांढरा, तयार, न उकळावा लागणारा डिंक मिळाला. आपण कपाट करायला घेतो तेव्हा सनमायकाचा रंग आपण निवडतो, पण डिंक कुठला आणायचा, हे मिस्त्री सांगतो. मिस्त्रीचा विश्वास आधी बसला होता, म्हणून नंतरच्या विनोदाला पाया मिळाला.

आता फसलेल्या जाहिरातींतलं सर्वांत चटका लावणारं उदाहरण. नवरा, बायको आणि दोन मुलं एका स्कूटरवरून पावसात भिजत चाललेली पाहून रतन टाटांच्या मनात एका मोटारीची कल्पना आली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात 'नॅनो' जगापुढं आली आणि मार्च २००९ मध्ये विक्रीला निघाली. एक लाख रुपयांची गाडी! त्या वर्षी नोंदणीसाठी बँकांत झुंबड उडाली. दोन लाखांहून अधिक लोकांनी गाडी नोंदवली. एवढं कौतुक होऊनही वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकणाऱ्या साणंदच्या कारखान्यातून एकाही वर्षी लाखभर नॅनो विकल्या गेल्या नाहीत. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं.

कारणं बरीच. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण आमच्या टेबलावर मला दिसलं ते कारण वेगळंच होतं. आमच्या एका खातेदारानं, जिल्हा परिषदेतल्या कारकुनानं, आधी नॅनोविषयी चौकशी केली आणि वर्षभरानं तो जुनी मारुती घ्यायला कर्ज मागू लागला. मी विचारलं, अहो, नवीकोरी सोडून जुनी का? तो म्हणाला, "साहेब, दारात गाडी लागली की लोकांनी 'गाडी घेतली' म्हणावं. 'स्वस्तातली घेतली' म्हणू नये." तीस वर्षं सायकल, मग स्कूटर असं करत आलेल्या माणसाला मोटार ही केवळ वाहन म्हणून नको असते. आपण एक पायरी वर चढलो, याची ती पावती असते. त्या पावतीवरच 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का बसला. 'स्वस्त' या शिक्क्यानं नुकसान केलं, हे पुढं खुद्द रतन टाटांनीही मोकळेपणानं मान्य केलं. पावसात भिजणाऱ्या कुटुंबाला कोरडं आणि सुरक्षित घरी पोचवणारी गाडी, ही मूळची कळकळ होती. ती तशीच लोकांपर्यंत पोचली असती, तर? कादंबरीकार म्हणून हा 'तर' मला अजून छळतो.

जाहिरात उत्तम असूनही हरल्याची उदाहरणंही आहेत. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' आली. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या, लग्नात स्कूटर मिळाली म्हणून हरखलेल्या मध्यमवर्गाला त्या गाण्यात आपलाच चेहरा दिसला. त्यातला 'हमारा' हा शब्द कंपनीपेक्षा देशाचा वाटे. मी स्वतः स्कूटरसाठी कर्ज घेतलं ते त्याच सुमारास. पण नव्वदच्या दशकात पेट्रोलचा हिशेब करणारा तरुण मोटरसायकलकडे वळला आणि २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बंद करायचं ठरवलं. चेतक परत आली ती २०१९ नंतर, विजेवर. गाणं कधीच शिळं झालं नाही, रस्ता बदलला. जाहिरात माणसाला दुकानाच्या दारापर्यंत आणते. त्याच्या गरजेचं वळण ती फिरवू शकत नाही.

आणि एखादी हुंडी परत आलीच तर? ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आपल्याच राज्यात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि अन्न व औषध प्रशासनानं कारवाई केली. कंपनीनं वेष्टन बदललं, ते हवाबंद केलं आणि मग २००४ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन पडद्यावर आले. हा क्रम महत्त्वाचा. वेष्टन जुनंच ठेवून नुसते बच्चन आणले असते, तर कंपनीबरोबर त्यांचीही पत गेली असती.

इथवर सगळं गमतीचं झालं. आता गुरुजींकडे परत जातो, कारण या लेखाचं खरं कारण तेच आहेत.

१९९६ मध्ये गुरुजी निवृत्त झाले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आमच्याच शाखेत मुदत ठेवीत ठेवले. सहा महिन्यांनी ते वर्तमानपत्राचं एक पान घडी करून घेऊन आले. त्या काळात सागवान लागवडीच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. अशाच एका कंपनीची पानभर जाहिरात. हिरवंगार रान, एक आजोबा, त्यांचं बोट धरलेली नात आणि मजकूर असा, की वाचता वाचता मलाच गहिवरून आलं. झाड तुमच्या नावे लावू; वीस वर्षांनी ते लाखांचं होईल; तुम्ही नसाल, पण तुमची सावली असेल. या अर्थाचं, पण फार सुंदर लिहिलेलं.

"साहेब, तुम्ही लिहिता-वाचता, शिवाय बँकेत आहात. कसं वाटतं?"

मी म्हणालो, "एवढा परतावा आम्हाला देता येणार नाही." बस्स. 'एवढा परतावा कोणालाच देता येणार नाही' हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. शाखेचं ठेवींचं उद्दिष्ट अपुरं होतं आणि ठेव मोडू नये म्हणून साहेब भीती घालतात, असं गुरुजींना वाटेल, हा संकोच. आणि खरं सांगायचं तर तो मजकूर मला आवडला होता. मुदतीपूर्वी ठेव मोडण्याच्या व्हाउचरवर मी सही केली. साठ हजार रुपये.

दोन वर्षांत कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं. अशा कितीतरी कंपन्या तेव्हा बुडाल्या. 'सेबी'नं सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले ते १९९९ मध्ये. गुरुजींनी मला कधीही बोल लावला नाही. एकदाच, पेन्शन घ्यायला आले असताना, त्या फिकट पडत चाललेल्या पोस्टरकडे बघून म्हणाले, "या बाई खोट्या होत्या, पण त्यांनी माझे पैसे नेले नाहीत." आणि टोकन घेऊन बाकावर जाऊन बसले.

जाहिरातीच्या धंद्याच्या मापानं पाहिलं, तर ती सागाची जाहिरात अतिशय यशस्वी होती. तिनं अचूक माणूस हेरला, त्याच्या मनातली नेमकी तार छेडली आणि त्याला ठेव मोडायला लावलं. म्हणून 'यशस्वी' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो.

जुन्या पेढ्यांवर दोन प्रकारच्या हुंड्या चालत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे, म्हणून ती घेताना व्यापारी अक्षर पाहत नसे, लिहिणाऱ्याची पेढी पाही. जाहिरातींचंही तसंच आहे. साबण, पावडर, बिस्किट या दर्शनी हुंड्या. खोटं निघालं, तर पुढच्या महिन्याच्या यादीतून नाव खोडायचं. नुकसान पाच-पन्नास रुपयांचं. या वस्तूंच्या जाहिराती मनसोक्त पाहाव्यात, गाणी गुणगुणावीत. पण विमा, गुंतवणूक, घर, मुलांचा क्लास, आजारावरचा इलाज या मुदती हुंड्या आहेत. त्या वटायच्या दिवशी लिहिणारा जागेवर असेल का, हा पहिला प्रश्न. मजकूर जितका सुंदर, तितका तो मोठ्यानं विचारायचा.

आता कायदा पूर्वीइतका दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तिची भलामण करणारा प्रसिद्ध चेहराही त्यातून सुटत नाही. पण कायदा हुंडी परत आल्यावर येतो. आणि आता जाहिरात पानभर येत नाही. ती ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर, एकट्याला गाठून येते. पूर्वी गुरुजी निदान पान घडी करून कोणाला तरी दाखवायला आले होते.

म्हणून घरातल्या मंडळींना एकच सुचवावंसं वाटतं. घरातला म्हातारा माणूस किंवा कॉलेजातला मुलगा फोन पुढं करून "हे कसं वाटतं?" असं विचारेल, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा. आणि संकोच न करता वाक्य पुरं करा. मी ते अर्धं ठेवलं होतं.